चार साक्षीदार

२००३ च्या ऑक्टोबरात मी हॉलंडला आलो. द हेगमध्ये भाड्याचं घर, डेल्फ्टला नोकरी, आणि दोन्हींच्या मध्ये एक नंबरची ट्रॅम. आल्या आल्या ज्या गोष्टीनं चकित केलं ती म्हणजे इथल्या खिडक्या. रस्त्याला लागून ओळीनं घरं, प्रत्येकाच्या बैठकीच्या खोलीला ही भलीमोठी काच आणि पडदा नाही! संध्याकाळी दिवे लागले की आत काय चाललंय ते सगळं दिसतं. कोण उकडलेले बटाटे खातंय, कोण टीव्हीसमोर घोरतंय, कुणाचं पोर गृहपाठाच्या नावानं टेबलाखाली बसलंय. पहिले काही दिवस मी फुकटचा सिनेमा बघावा तसा बघत बघत घरी यायचो. मग लक्षात आलं की बघणारा मी एकटाच. बाकी सगळे सरळ समोर बघत चालतात. ऑफिसात विचारलं तर सहकारी म्हणाला, "आमच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं हे दाखवायला खिडकी उघडी. आणि आत बघायचं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं."

आमच्या सांगलीत बरोब्बर उलटं. पडदे जाड, आणि पडद्याआड काय चाललंय याची खडान्‌खडा माहिती अख्ख्या गल्लीला.

माझ्या शेजारच्या एकाच खिडकीला पडदा होता. पांढऱ्या लेसचा. त्यामागे राहायचे ते सुरिनामचे. त्यांना मी पहिल्या आठवड्यापासून चाचा म्हणायला लागलो, म्हणून इथेही चाचाच म्हणतो. तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल, १८७३ साली लालारुख नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेलं. तेव्हापासून १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर माणसं अशी गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांच्यातले खूपजण हॉलंडला आले आणि द हेगमध्ये स्थिरावले. चाचांचे पणजोबा बस्ती जिल्ह्यातले. चाचा बोलायचे ती भाषा म्हणजे भोजपुरी-अवधीचं शंभर वर्षं समुद्रापार मुरलेलं लोणचं. माझी बंबैया हिंदी ऐकून ते हसायचे आणि त्यांची ऐकून मी. चाची उडदाच्या डाळीचे वडे करायच्या, त्याला ते 'बारा' म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात मी त्या बाऱ्यांवरच तरलो म्हणा ना.

चाचा पाच वेळचे नमाजी. त्याचं मला सुरुवातीला थोडं दडपण होतं, खोटं कशाला बोला. सांगलीत माझे मुसलमान मित्र होते, पण ते क्रिकेटपुरते. त्यांच्या धर्मात काय आहे हे विचारायची कधी वेळ आली नाही, आणि न विचारता सगळं माहीत असल्याची खात्री मात्र होती.

मग २००४ साल उजाडलं. त्या वर्षी २९ ऑगस्टला डच टीव्हीवर 'सबमिशन' नावाची दहा-अकरा मिनिटांची फिल्म दाखवली गेली. लेखन अयान हिरसी अली यांचं. सोमालियात जन्मलेल्या, हॉलंडमध्ये आश्रय घेतलेल्या आणि तेव्हा इथल्या संसदेत खासदार असलेल्या. दिग्दर्शक तेओ व्हॅन गॉग, चित्रकार व्हिन्सेंटच्या भावाचा पणतू. पारदर्शक कपड्यातल्या बाईच्या अंगावर कुराणातल्या आयती लिहिलेल्या दाखवल्या होत्या. त्यातली एक चोविसाव्या सुऱ्यातली दुसरी, व्यभिचार करणाऱ्या स्त्रीला आणि पुरुषाला प्रत्येकी शंभर फटके सांगणारी. २ नोव्हेंबरला, मंगळवारी सकाळी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये सायकलवरून कामाला निघालेल्या व्हॅन गॉगला मोहम्मद बुयेरी नावाच्या तरुणानं गोळ्या घातल्या आणि सुरा खुपसला. खासदारबाईंना धमकी देणारं पत्र त्याच्या देहावर सुऱ्यानं टोचून ठेवलं होतं.

त्या दिवशी ऑफिसात काही काम झालं नाही. कॉफी मशीनपाशी घोळके. आमच्यात एक मोरोक्कन मूळ असलेला तंत्रज्ञ होता, इथेच जन्मलेला, फुटबॉलवेडा. तो दिवसभर जागेवरून उठला नाही, आणि त्याच्याजवळही कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी चाचांकडे गेलो. टीव्ही चालू, आवाज बंद. थोडा वेळ असाच गेला आणि मग मी विचारायला नको ते विचारून टाकलं. "चाचा, ते शंभर फटक्यांचं, ते खरंच लिहिलंय का?"

मला वाटलं होतं ते म्हणतील, नाही रे, ते विपर्यास करतात. चाचा म्हणाले, "लिखा है, बेटा. साफ लिखा है." उठले, हात धुऊन आले, कपाटातून एक उर्दू तर्जुमा आणि एक डच भाषांतर काढलं. क्रामर्सचं, १९५६ सालचं. चष्मा लावला. म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस. एक पान वाचून मशीन सुरू करतोस का? पुढचं पण वाच."

पुढची चौथी आयत. तिचा मतलब असा, की पतिव्रता स्त्रीवर जो आळ घेईल आणि चार साक्षीदार आणू शकणार नाही, त्याला ऐंशी फटके, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी मानायची नाही. म्हणजे पाप करणाऱ्याला शंभर, आणि पुराव्याशिवाय बोभाटा करणाऱ्याला ऐंशी. फरक फक्त विसाचा.

मी खरंच चक्रावलो. आणि मग, नाद लागला म्हणतात तसं, वाचत सुटलो. लायडन आमच्यापासून आगगाडीनं पंधरा मिनिटं. तिथल्या विद्यापीठात अरबी १६१३ पासून शिकवतात, पुस्तकांना तोटा नाही. शनिवारी बायको सायकल शिकायची आणि मी वाचायचो. (सायकल तिला आली. मला अरबी आली नाही. भाषांतरांवरच भागवलं.)

ते चार साक्षीदार कसे हवेत, तर शास्त्रींनी, म्हणजे त्यांच्या फकिहांनी, फार बारकाईनं सांगून ठेवलंय. चौघांनी प्रत्यक्ष कृती डोळ्यांनी पाहिलेली हवी. एका खोलीत गेले, एका चादरीखाली दिसले, हे चालत नाही. सुरमादाणीत काडी जाताना दिसावी इतकं स्पष्ट दिसायला हवं, हा त्यांचाच दृष्टांत. खलिफा उमर यांच्या काळातली गोष्ट सांगतात. बसऱ्याचा सुभेदार मुघीरा याच्यावर आळ आला, चार साक्षीदार आले. तिघांनी ठाम सांगितलं. चौथा जियाद, तो कचरला, म्हणाला तेवढं काही मी पाहिलं नाही. झालं! मुघीरा सुटला आणि त्या तिघांनाच फटके बसले. आम्ही इंजिनिअर लोक एखाद्या चाचणीचे निकष असे लिहितो की ती कधी पासच होऊ नये, त्यातला प्रकार. ज्या गुन्ह्याला चार डोळस साक्षीदार लागतात तो गुन्हा घरात झालेला नसणार, चारचौघांत झालेला असणार. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ही शिक्षा खरं तर व्यभिचाराला नाहीच, सार्वजनिक निर्लज्जपणाला आहे. मला हे पटतं. पण मूळ शब्दांत तसा फरक केलेला नाही, हेही कबूल करायला हवं.

आणि दगडांनी ठेचून मारणं? ते कुराणात नाही. हे वाचून तुमच्याइतकाच मीही दचकलो. ते येतं हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींमधून. फकिहांनी तोड काढली, की अविवाहिताला फटके, विवाहिताला दगड. उमर यांच्या नावे एक कथन आहे की तशी आयत पूर्वी होती. शास्त्र म्हणतं, शब्द रद्द झाले, हुकूम राहिला. सुन्नींच्या चारही पंथांनी ते मानलं. खारिजींनी मात्र त्या काळीच नाकारलं. नाकारणाऱ्यांचा एक मुद्दा माझ्या हिशेबी डोक्याला फार आवडला. चौथ्या सुऱ्यात पंचविसावी आयत आहे, विवाहित दासीनं असं काही केलं तर तिला अर्धी शिक्षा. शंभरचे अर्धे पन्नास. मरणाचं अर्धं कसं करणार?

त्याच सुऱ्यात पंधरावी आणि सोळावी आयत आणखी कोड्याची. पंधरावीत बायकांच्या 'फाहिशा'बद्दल, म्हणजे निर्लज्ज कृत्याबद्दल, चार साक्षीदार आणि मग मरेपर्यंत किंवा देव दुसरी वाट काढेपर्यंत घरात कोंडणं. सोळावीत 'ते दोघे', त्यांना शासन करा, पण पश्चात्ताप झाला तर सोडून द्या. हे दोघे कोण? कुणी म्हणतं स्त्री आणि पुरुष, कुणी म्हणतं दोन पुरुष. बहुतेक जण म्हणतात, शंभर फटक्यांची आयत आल्यावर ह्या दोन्ही मागे पडल्या. एका शब्दावर हजार वर्षं वाद. आपल्याकडे मीमांसक काय वेगळं करत होते?

आता कुणी म्हणेल, हा हॉलंडमध्ये जाऊन वकिली करायला लागला. तसं नाही हो. पाकिस्तानात जनरल झियांनी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आणला आणि त्या चार साक्षीदारांचं काय झालं बघा. बाईच्या बचावासाठी असलेली अट बलात्कारालाच लावली. बाई तक्रार करायला गेली, चार पुरुष साक्षीदार नाहीत म्हणून बलात्कार सिद्ध नाही, आणि संबंध आल्याचं मात्र तिनंच कबूल केलं म्हणून ती गुन्हेगार. १९८३ मध्ये एका आंधळ्या मुलीला अशीच शिक्षा झाली होती. बोभाटा झाल्यावर वरच्या कोर्टानं ती रद्द केली. कायदा बदलायला २००६ उजाडलं. नायजेरियात अमीना लवालला २००२ मध्ये दगडांची शिक्षा सुनावली, पुरावा काय तर तिचं मूल. ज्याच्यावर बाप म्हणून संशय होता तो पुराव्याअभावी सुटला. सप्टेंबर २००३ मध्ये तीही अपिलात सुटली. तेव्हा पुस्तकात कितीही बारकावे असोत, पुस्तक कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं. आणि शंभर फटके हे शेवटी शंभर फटकेच. मी चाचांना तसं म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "उस ज़माने की बात थी." पण ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं, मशिदीत हे ते म्हणणार नाहीत.

उघड म्हणणारा एक माणूस त्याच वेळी लायडनमध्ये राहत होता. मी त्यांना कधी भेटलो नाही, त्याची चुटपुट आहे. नस्र हामिद अबू झैद. कैरो विद्यापीठातले प्राध्यापक. कुराण एका विशिष्ट काळात, त्या काळच्या माणसांशी झालेला संवाद आहे, त्यातल्या शिक्षा त्या समाजात आधीपासूनच होत्या, त्यांना चिरंतन धर्म समजू नका, असं मांडणारे. ते श्रद्धावान मुसलमान होते, अखेरपर्यंत. काही लोकांनी १९९३ मध्ये कोर्टात दावा लावला की हा माणूस धर्मभ्रष्ट आहे, आणि मुसलमान स्त्री धर्मभ्रष्टाची बायको राहू शकत नाही, तेव्हा ह्यांचं लग्न मोडा. जून १९९५ मध्ये कैरोच्या अपील कोर्टानं खरंच मोडलं! नवरा-बायको दोघांपैकी कुणीही मागितलेला नसताना घटस्फोट. त्यांच्या पत्नी इब्तिहाल युनिस, त्याही प्राध्यापक. म्हणजे कालपर्यंतचं रीतसर जोडपं आज एका घरात राहिलं तर कायद्यानं पापी. दोघं देश सोडून लायडनला आली आणि नवरा-बायको म्हणूनच राहिली. अबू झैदांनी नंतर उट्रेख्टलाही शिकवलं. २०१० च्या जुलैत कैरोत वारले. त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखे आपले हमीद दलवाई आठवायचे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस, १९६६ मध्ये सात बायकांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर घेऊन गेला. दलवाई नास्तिक आणि अबू झैद आस्तिक, दोघांना सारख्याच शिव्या.

ह्या डच लोकांना तरी शहाणपण कधी आलं? रेम्ब्राँटच्या घरी हेंड्रिक्ये स्टॉफेल्स नावाची बाई त्याची सहचरी म्हणून राहायची. १६५४ मध्ये ती गरोदर असताना अ‍ॅमस्टरडॅमच्या चर्चमंडळानं तिला बोलावून घेतलं, चित्रकाराशी बदफैली केल्याचा ठपका ठेवला आणि प्रभुभोजनाला बंदी केली. आज त्याच शहरात त्या चित्रकाराची चित्रं बघायला रांगा लावतात. व्यभिचार हा हॉलंडच्या फौजदारी कायद्यात १९७१ पर्यंत गुन्हा होता. आपल्याकडे तर कलम ४९७ होतं ते २०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं रद्द करेपर्यंत. त्यात बायकोला शिक्षा नव्हती, कारण तिला नवऱ्याची मालमत्ताच धरलं होतं. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही!

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि आक्साच्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घातल्या, सुमारे चाळीस जोडपी खोल्यांमधून बाहेर काढली, आणि कित्येकांवर कलम लावलं 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन'. बंद खोली सार्वजनिक! मी ही बातमी चाचांना सांगितली तेव्हा त्यांनी उमर यांचीच दुसरी गोष्ट ऐकवली. रात्री गस्त घालताना एका घरातून गडबड ऐकू आली म्हणून खलिफा भिंतीवरून आत उतरले. आतला माणूस दारू पीत होता. तो म्हणाला, मी एक गुन्हा केला खरा, पण तुम्ही तीन केलेत. हेरगिरी केलीत, दारानं आला नाहीत आणि परवानगी मागितली नाहीत. उमर आले तसे परत गेले.

मध्ये एक गंमत सांगायची राहिली. २००६ च्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला समुद्र दाखवायला स्खेव्हेनिंगनला नेलं, बरोबर चाचा-चाची. (ह्या गावाचं नाव ज्याला नीट उच्चारता येईल तो डच, असं युद्धात जर्मन हेर ओळखायला वापरत म्हणे. मला अजून येत नाही.) ऊन पडलेलं, आणि वाळूवर बायाबापड्या वरचे कपडे काढून आडव्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं एकवार सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, वर्षभर ऊन नाही मिळत बिचाऱ्यांना. वाळवणं घातलीत." आणि शेव खायला लागली. चाचा चालताना वाळूकडे बघत होते. मी थट्टेनं म्हटलं, चाचा, ह्या बायकांना तुमच्यात काय शिक्षा? म्हणाले, त्याच सुऱ्यात तिसावी आयत बघ, नजर खाली ठेवायला आधी पुरुषांना सांगितलंय, बायकांचा नंबर एकतिसाव्यात. "मैं अपना काम कर रहा हूँ."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

त्या २००४ च्या नोव्हेंबरातच चाचांनी मला सांगितलं की हे सगळं कशावरून आलं. पैगंबरांच्या पत्नी आयेशा एका प्रवासात तळावरून थोड्या बाजूला गेल्या, गळ्यातला हार तुटून पडला तो शोधत बसल्या. इकडे काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान नावाच्या माणसानं त्यांना आपल्या उंटावर बसवून आणलं. झालं, मदिनेत कुजबुज सुरू. महिनाभर ती बाई माहेरी जाऊन रडत होती. मग त्या आयती आल्या. त्यात कुजबुज करणाऱ्यांना विचारलंय की ऐकल्याबरोबर तुम्ही हे खोटं आहे असं का नाही म्हणालात. तोंडातोंडी पसरवताना तुम्हाला ते किरकोळ वाटलं, तसं ते नव्हतं.

चाचा वाचत होते आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी नववीत होतो. १९८८ साल. आमच्या चाळीत एक मावशी राहायच्या, शाळेत शिकवायच्या, मुलगा चार वर्षांचा. मी एकदा मिरज स्टेशनवर त्यांना एका पुरुषाबरोबर बाकावर बसलेलं पाहिलं. पाहिलं म्हणजे, पाठमोरी बाई, तशीच हिरवी साडी, तसाच अंबाडा. गाडी हलत होती. रात्री नळावर मोठ्या मुलांमध्ये भाव खायला मी ते सांगितलं, आणि बाकावर बसल्याच्या जागी हात धरला होता असंही सांगितलं. दोन दिवसांत ते चाळभर झालं. आठवड्यानं त्यांच्या घरातून आवाज आले. महिन्यानं मावशी मुलाला घेऊन माहेरी गेल्या त्या आल्याच नाहीत. मला कुणी कधी काही विचारलं नाही. पोरगा काय सांगतो हे कुणी तपासतच नाही, फक्त पुढे सांगतात.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. चाचांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "तेरे साथ और कितने थे?"

"मी एकटाच."

ते बराच वेळ पान उघडं ठेवून बसले. मग म्हणाले, पाचव्या आयतीत आहे, पश्चात्ताप करून सुधारेल त्याची गोष्ट वेगळी. पण त्यावर आलिमांचं एकमत नाही. शाफई म्हणतात, पश्चात्ताप केला की त्याची साक्ष पुन्हा चालते. हनफी म्हणतात, देव माफ करील, पण साक्ष जन्मात चालणार नाही. "और हम लोग तो हनफी हैं, बेटा," म्हणाले. चाचींनी चहा आणून ठेवला होता, तो गार झाला.

चाचा २०१७ मध्ये गेले. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा आईला हलवायला मी सांगलीला गेलो होतो. चिखल काढता काढता आईला हे सांगितलं. ती फडकं पिळत राहिली. म्हणाली, "तूच होतास होय." मग म्हणाली, मावशी इचलकरंजीला मुलाकडे असतात, पत्ता आहे माझ्याकडे, पण आता कशाला उकरतोस. पत्ता मात्र दिला.

पत्र लिहायला मला आठ महिने लागले. फोन करायची हिंमत नव्हती. काय पाहिलं होतं आणि काय सांगितलं होतं, एवढंच लिहिलं, दीड पान, आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोच आली, त्यावर सही मुलाची आहे. उत्तर आलेलं नाही.